अंडं कोणत्या टोकाने फोडायचं? अठराव्या शतकातलं इंग्रजी धर्मविडंबन पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

एम.ए.ला असताना जोनाथन स्विफ्टचा एक निबंध वाचायला लागला. ख्रिस्ती धर्म बरखास्त करू नये, असं सांगणारा. लेखक स्वतः धर्मगुरू, बाजू धर्माची, म्हणून मी समासात पेन्सिलीने ‘श्रद्धेचं समर्थन’ असं लिहून ठेवलं. आठवड्याभराने पुन्हा वाचला आणि ते खोडून ‘हा तर नास्तिक!’ असं लिहिलं. दोन्ही वेळा चुकलो होतो. तिसऱ्यांदा वाचताना कळलं की त्या निबंधात ‘मी, मी’ म्हणून जो बोलतोय तो स्विफ्ट नाहीच.

या साहित्यात नवा वाचक इथेच घसरतो. कोणाची टिंगल चाललीय हे शोधण्यात तो सगळा जीव खर्च करतो. बोलतंय कोण, हे मात्र विचारत नाही. खाली दिलेला क्रम माझ्या चुकांमधून तयार झालाय. इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी असाल तर परीक्षेलाही उपयोगी पडेल, नसाल तर अधिकच मजा येईल.

पायरी १: घरातली भांडणं समजून घ्या

हे विडंबन लिहिणारी माणसं धर्माबाहेर उभी राहून दगड मारत होती, असा समज असेल तर तो आधी सोडा. स्विफ्ट १७१३ पासून डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, होता. लॉरेन्स स्टर्न यॉर्कशरमधला व्हिकार, म्हणजे गावचा धर्मगुरू. डॅनिएल डीफो चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथात वाढलेला, कवी अलेक्झांडर पोप कॅथलिक. म्हणजे बहुतेक भांडण भाऊबंदकीचं आहे, आणि भाऊबंदकीत कोण कोणाचा कोण हे माहीत नसेल तर टोमणे कळत नाहीत.

तर भाऊबंद असे. सत्तेत चर्च ऑफ इंग्लंड, म्हणजे अँग्लिकन मंडळी. त्यांच्यातही दोन तट: बिशपांचा अधिकार आणि परंपरा घट्ट धरणारे हाय चर्च, आणि जरा सैल हाताने घेणारे लो चर्च. राजकारणातल्या दोन पक्षांपैकी साधारणपणे पहिले टोरींकडे, दुसरे व्हिगांकडे. एका बाजूला कॅथलिक, ज्यांच्याबद्दल सगळ्यांनाच संशय. दुसऱ्या बाजूला डिसेंटर: प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट, क्वेकर वगैरे, ज्यांना अँग्लिकन चर्चही पुरेसं शुद्ध वाटत नव्हतं. या सगळ्यांपासून थोडे लांब डीइस्ट; देव आहे, पण चमत्कार आणि साक्षात्कार नकोत, असं म्हणणारे. शतकाच्या मध्यावर यात मेथडिस्टांची, म्हणजे अँग्लिकन चर्चमधूनच निघालेल्या, भावनेला हात घालणाऱ्या उपदेशकांच्या पंथाची, भर पडते.

कायदे दोनच लक्षात ठेवा. १६७३ चा टेस्ट ॲक्ट: सरकारी पद हवं तर अँग्लिकन चर्चमध्ये प्रभुभोजनाचा संस्कार घ्यायचा आणि त्या भाकरीचं खरोखर ख्रिस्ताचं शरीर होतं ही कॅथलिक शिकवण लेखी नाकारायची. १६८९ चा टॉलरेशन ॲक्ट: डिसेंटरांना आपापल्या प्रार्थनागृहात उपासनेची मुभा मिळाली, पण पदांचं दार बंदच राहिलं. मग काही डिसेंटर वर्षातून एकदा अँग्लिकन चर्चमध्ये जाऊन संस्कार घेऊन यायचे आणि पद टिकवायचे. हाय चर्चवाल्यांचा यावर जळफळाट. अलेक्झांडर पोपसारख्या कॅथलिकाला तर विद्यापीठ बंद, जमिनीवर दुप्पट कर, आणि लंडनपासून दहा मैलांच्या आत राहायलाही कायद्याने मनाई.

आणखी एक तारीख, कारण तिच्याशिवाय मुखवटे कळत नाहीत. १६९५ मध्ये छपाईपूर्व परवान्याचा कायदा संपला. छापण्याआधी कोणाला विचारायला नको. पण छापल्यावर पकडायला सरकार मोकळं. थॉमस वुल्स्टनने बायबलातले चमत्कार शब्दशः घेऊ नका असं थट्टेच्या सुरात लिहिलं, त्याला १७२९ मध्ये ईशनिंदेची शिक्षा झाली आणि १७३३ मध्ये तो कैदेतच वारला. छापता येतं, पण नावानिशी छापणं धोक्याचं, अशी ही स्थिती. टोपणनाव, निनावी पुस्तक, खोटा निवेदक हे सगळं त्यातून फोफावलं.

शब्दांबद्दल दोन सूचना. मराठीत आपण सरसकट ‘पाद्री’ म्हणतो आणि निम्मा विनोद तिथेच सांडतो. डीन, रेक्टर, व्हिकार, क्युरेट ही उतरंड आहे. रेक्टरला गावाच्या उत्पन्नाचा दशांश मिळायचा. क्युरेट म्हणजे तुटपुंज्या पगारावर सगळं काम ओढणारा. कादंबरीत पाद्री आला की तो यातला कोणता, हे आधी बघा. दुसरा शब्द ‘एन्थुझिअ‍ॅझम’. आज त्याचा अर्थ उत्साह. तेव्हा ती शिवी होती: देव थेट माझ्या अंगात येऊन बोलतो, असा दावा करणाऱ्याला लावायची. तिथे ‘उत्साह’ असा अर्थ घेऊन वाचाल तर वाक्य नेमकं उलटं लागेल.

पायरी २: एक प्रकरण, एक संध्याकाळ

सुरुवात ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ने करा. १७२६ चं पुस्तक, आपल्याकडे लहान मुलांचं म्हणून ओळखलं जाणारं. पूर्ण वाचायची गरज नाही. पहिल्या भागातलं चौथं प्रकरण काढा. लिलिपुटमधला एक मोठा अधिकारी गलिव्हरला देशाची दुखणी सांगतो.

पहिलं दुखणं टाचांचं. उंच टाचांचे जोडे घालणारे आणि बुटक्या टाचांचे, असे दोन पक्ष. सम्राट बुटक्या टाचांचा. युवराजाची मात्र एक टाच उंच आणि एक बुटकी, त्यामुळे तो लंगडत चालतो. हाय चर्च आणि लो चर्च आठवा, आणि दोघांनाही खूश ठेवू पाहणारा राजपुत्र.

दुसरं दुखणं अंड्याचं. पूर्वी सगळे अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचे. सध्याच्या सम्राटाच्या आजोबांचं लहानपणी तसं करताना बोट कापलं, म्हणून त्यांच्या वडिलांनी फर्मान काढलं: यापुढे लहान टोक. त्यावरून सहा बंडं झाली. एका सम्राटाचा जीव गेला, दुसऱ्याचा मुकुट. लहान टोकाकडून फोडण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणत अकरा हजार लोकांनी मरण पत्करलं. शेकडो जाडजूड ग्रंथ लिहिले गेले, मोठ्या टोकवाल्यांच्या पुस्तकांवर बंदी आली आणि त्यांना सरकारी नोकऱ्याही कायद्याने बंद झाल्या.

आता पहिल्या पायरीवरचं सामान बाहेर काढा. मोठं टोक म्हणजे कॅथलिक, लहान टोक प्रॉटेस्टंट. जीव गमावलेला राजा पहिला चार्ल्स, १६४९. मुकुट गमावलेला दुसरा जेम्स, १६८८. नोकरीबंदी म्हणजे टेस्ट ॲक्ट. एवढं जुळलं की थांबा आणि धर्मग्रंथ याबद्दल काय म्हणतो ते पुन्हा वाचा. लिलिपुटच्या ग्रंथात एवढंच आहे की खऱ्या श्रद्धावंतांनी अंडं सोयीच्या टोकाने फोडावं. सोयीचं टोक कोणतं, ते ग्रंथ सांगत नाही.

इथे स्विफ्ट ग्रंथाला हसत नाही, हे बारकाईने बघा. ग्रंथ शहाणा आहे. हसू येतं ते त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्यांचं. संगणकाच्या क्षेत्रात असाल तर ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’ हे शब्द रोज वापरत असाल. ते याच प्रकरणातून आले: संख्येतला कोणता बाइट आधी ठेवायचा यावर जुंपलेली असताना डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये एक टिपण लिहिलं आणि त्या वादाला अंड्याचं नाव दिलं.

पायरी ३: मुखवटा ओळखायला शिका, नाहीतर डीफोचं होईल ते तुमचं

डिसेंबर १७०२. डिसेंटरांची ती वर्षातून एकदा संस्कार घेण्याची पळवाट बुजवण्यासाठी संसदेत विधेयक आलेलं. अशात एक निनावी पत्रक निघालं, ‘द शॉर्टेस्ट वे विथ द डिसेंटर्स’, म्हणजे डिसेंटरांचा निकाल लावायचा सगळ्यात जवळचा रस्ता. भाषा तापलेल्या हाय चर्चवाल्याची. म्हणणं असं: दंड कसले करता? त्यांच्या सभेला जाणाऱ्याला फाशी किंवा गलबतावर वल्ही मारायची शिक्षा ठेवा, बघा किती जण जातात. साप आणि विषारी बेडूक मारणं क्रूर वाटतं, पण त्यांचं विष लक्षात घेतलं तर शेजाऱ्यांवर ते उपकारच.

काही हाय चर्चवाल्यांना पत्रक आवडलं. डिसेंटर घाबरले. मग बाहेर आलं की लिहिणारा डीफो आहे, स्वतःच डिसेंटर. आता दोन्ही बाजू चिडल्या: एकांना आपलीच भाषा आपल्याच तोंडावर मारली म्हणून राग, दुसऱ्यांना अशी जीवघेणी थट्टा केली म्हणून. सरकारने पन्नास पौंडांचं बक्षीस लावलं आणि वर्णन छापलं: मध्यम बांधा, सावळा वर्ण, वाकडं नाक, टोकदार हनुवटी, तोंडाजवळ मोठा तीळ. संसदेच्या हुकुमाने पत्रक जाळलं गेलं. डीफो न्यूगेटच्या तुरुंगात गेला आणि जुलै १७०३ च्या शेवटी तीन दिवस त्याला लंडनमध्ये पिलरीत, म्हणजे मान आणि हात अडकवायच्या लाकडी चौकटीत, भर रस्त्यात उभं केलं. अशा वेळी लोक अंडी आणि दगड मारायचे; डीफोवर मात्र फुलं टाकली, अशी दंतकथा आहे. पिलरीलाच उद्देशून त्याने एक ‘स्तोत्र’ लिहून छापलं, हे मात्र खरं.

वाचताना काय करायचं? पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे ‘हे जरा जास्तच झालं’ असं वाटेल तिथे खूण करा. डीफोच्या पत्रकात अशा खुणा फार थोड्या होतील. माझ्या मते विडंबन म्हणून त्याचा दोष हाच: नक्कल इतकी हुबेहूब उतरली की डोळा मिचकावायला जागाच राहिली नाही. याच्यानंतर लगेच स्विफ्ट वाचा, म्हणजे फरक दिसेल.

पायरी ४: आता तो निबंध

१७०८ मध्ये लिहिलेला, १७११ मध्ये छापलेला. मूळ शीर्षकच लांबलचक. मराठीत साधारण असं होईल: इंग्लंडमधून ख्रिस्ती धर्म रद्द केल्यास सद्यःस्थितीत काही गैरसोयी होण्याचा संभव आहे, आणि त्यातून अपेक्षिलेले अनेक चांगले परिणाम कदाचित होणार नाहीत, हे सिद्ध करणारा युक्तिवाद. ‘काही गैरसोयी’ आणि ‘कदाचित’ या दोन शब्दांवर बोट ठेवा. आत्म्याच्या तारणाची गोष्ट चाललीय आणि भाषा नगरपालिकेच्या ठरावाची.

निवेदक सुरुवातीलाच खुलासा करतो: गैरसमज नको, मी खऱ्या ख्रिस्ती धर्माची बाजू घेत नाही, एवढा वेडा मी नाही! खरा धर्म परत आणायचा तर अर्धी विद्या, सगळी चतुराई आणि व्यापार बुडेल. मी बोलतोय तो नावापुरत्या धर्माबद्दल. मग एकेक मुद्दा खोडत जातो. रविवार वाया जातो म्हणता? रविवारीच तर व्यापारी आठवड्याचे हिशेब जुळवतात आणि वकील खटल्यांची तयारी करतात. चर्चच्या इमारती अडकून पडल्यात म्हणता? प्रेमिकांच्या भेटी, नव्या कपड्यांचं प्रदर्शन, सौदे, आणि झोप काढायची एवढी सोय दुसरीकडे कुठे आहे? आणि धर्म गेला तर बुद्धिमान मंडळी टिंगल कशाची करणार? देव नाही मिळाला तर सरकारवर घसरतील!

शेवट मुद्दाम हळू वाचा. धर्म रद्द झाल्यावर सहा महिन्यांत बँक ऑफ इंग्लंड आणि ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर निदान एक टक्क्याने उतरतील, अशी त्याला भीती वाटते. आणि पुढे: आपल्या शहाण्या काळाने धर्म टिकवण्यासाठी जेवढं पणाला लावलं असतं त्याच्या पन्नासपट ही रक्कम आहे, तर नुसता तो नष्ट करण्यासाठी एवढा तोटा का सोसायचा?

माझ्या त्या दोन पेन्सिल-नोंदी का चुकल्या ते इथे कळतं. निवेदक धर्माचा बचाव करतो, पण अशा कारणांनी की बचावच आरोप ठरतो. तो बचाव वाचून ज्या वाचकाच्या पोटात ढवळतं, तो वाचक स्विफ्टला हवा आहे. मात्र स्विफ्टला उदारमतवादी समजून टाळ्या वाजवू नका. टेस्ट ॲक्ट ढिला करायला त्याचा ठाम विरोध होता, आणि डिसेंटरांना पदं मिळू नयेत हेच त्याचं मत होतं. या निबंधामागे तो वादही आहे. चांगला विडंबनकार आपल्याला पटणाऱ्या बाजूचाच असतो, असं कुठे आहे?

मध्येच, पुस्तकं कुठून आणि कशी

यातलं जवळजवळ सगळं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, पण तिथे टिपा बहुधा नसतात. पुढच्या पायरीसाठी टिपा असलेली आवृत्ती हवीच. ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स किंवा नॉर्टन चालेल, जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळते. मूळ छपाईचं स्कॅन उघडलंत तर ‘एस’ हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये ‘एफ’सारखं दिसेल; ‘सिन’ म्हणजे पाप, ते ‘फिन’ वाचलं जाईल. दोन पानांत डोळ्याला सवय होते. माणसांची नावं पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवून मध्ये रेघ ओढून छापलेली असतात, खटला टाळायला. आणि १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या घटनांना दोन-दोन सालं दिसतात. पुस्तकात चूक नाही.

बायबल अजिबात वाचलेलं नसेल तर मत्तयची पाच ते सात आणि लूकचा दहावा अध्याय, एवढं मराठीतच वाचून घ्या. तासाभराचं काम. पुढे कादंबरीकार फिल्डिंगला पोहोचलात की त्याचं मोल कळेल.

पायरी ५: टबाची गोष्ट, पण उड्या मारत

‘अ टेल ऑफ अ टब’, १७०४, निनावी. या शतकातलं सगळ्यात अवघड आणि मला विचाराल तर सगळ्यात धारदार धर्मविडंबन. पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत तर अर्पणपत्रिका आणि प्रस्तावनांच्या गर्दीतच दम लागेल. तसं वाचू नका. आधी दुसरा, चौथा, सहावा आणि अकरावा भाग वाचा. गोष्ट तिथे आहे. मग आठवा. बाकीचे भाग ‘विषयांतरं’ आहेत, ती नंतर, आणि त्यातलं नववं, वेडेपणावरचं, चुकवायचं नाही.

गोष्ट अशी. बाप मरताना तीन मुलांना एकेक अंगरखा देतो आणि मृत्युपत्र. अंगरखा कसा वापरायचा ते मृत्युपत्रात लिहिलंय; त्यात भर घालायची नाही, काही काढायचं नाही. पीटर म्हणजे रोमन कॅथलिक चर्च. मार्टिन म्हणजे धर्मसुधारक ल्यूथर, आणि त्याच्या वाटेने अँग्लिकन. जॅक म्हणजे त्याहून कडक सुधारक कॅल्विन आणि डिसेंटर. अंगरखा म्हणजे मूळ धर्म, मृत्युपत्र म्हणजे बायबल.

तिघे शहरात येतात, तर फॅशन खांद्यावरच्या फितीच्या गाठींची. मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख नाही. पंचाईत! त्यातला एक शिकलेला भाऊ म्हणतो, तो शब्द अख्खा नसेल, पण त्यातली अक्षरावयवं सापडतील. तीही सापडत नाहीत. मग एकेक अक्षर शोधतात. सगळी मिळतात, फक्त ‘के’ मिळत नाही. त्यावर पंडित भाऊ सिद्ध करतो की ‘के’ हे मागाहून घुसलेलं, अनौरस अक्षर आहे, जुन्या विद्वानांना ते ठाऊकच नव्हतं, ‘सी’ चालेल. झालं, गाठी खांद्यावर! पुढे चंदेरी झालरीची फॅशन येते, आणि मृत्युपत्रात तर चंदेरी झालर लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं. पंडित सांगतो, इथे झालर या शब्दाचा अर्थ केरसुणीचा दांडा. पण बापाने अंगरख्यावर केरसुणीचा दांडा लावू नका असं कशाला सांगितलं असतं, असं एक भाऊ विचारतो. उत्तर: ते गूढ आहे, त्यात फार खोल शिरू नये.

ग्रंथाचा हवा तसा अर्थ काढणारी टीका-भाष्यं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पान समजायला टीप लागत नाही.

पुढे मृत्युपत्र कुलपात जातं. पीटर भावांपुढे पावाचा तुकडा ठेवून हे मटण आहे म्हणतो, आणि मानत नसाल तर देव तुमचं वाटोळं करो असं बजावतो. भांडण होऊन दोघे बाहेर पडतात. आता अंगरख्यावरची सजावट काढायची. मार्टिन एकेक टाका उसवतो, आणि जिथे भरतकाम कापडात इतकं शिवलं गेलंय की काढताना कापड फाटेल, तिथे ते राहू देतो. जॅक रागाच्या भरात ओरबाडतो आणि अंगरखाच वरून खालपर्यंत फाडतो. आणि मग अकराव्या भागातला स्विफ्टचा सगळ्यात दुष्ट विनोद: लक्तरं लोंबणारा जॅक लांबून अगदी झगमगीत पीटरसारखाच दिसतो, इतका की लोक एकाला दुसरा समजतात.

तळटिपांकडे लक्ष ठेवा. विल्यम वॉटन नावाच्या विद्वानाने या पुस्तकावर चिडून टीका लिहिली, पुस्तक कसं धर्मद्रोही आहे हे सांगताना त्यातली रूपकं फोडून दाखवली. स्विफ्टने १७१० च्या पाचव्या आवृत्तीत त्याचेच खुलासे वॉटनच्या नावानिशी तळटिपा म्हणून छापले. फुकटचा टीकाकार!

आणि हा टब कसला? देवमासा जहाजावर चालून आला की खलाशी त्याच्यापुढे रिकामं पिंप टाकायचे, त्याने त्याच्याशी खेळत बसावं म्हणून. हे पुस्तक म्हणजे ते पिंप, असं प्रस्तावनेत म्हटलंय. डिसेंटर उपदेशक पिंपावर उभे राहून बोलतात, ही त्या काळची हेटाळणीही त्या शब्दात आहेच. स्विफ्टला मार्टिनची, म्हणजे स्वतःच्या चर्चची, बाजू घ्यायची होती. पण मार्टिनवर लिहिलेली पानं मोजून बघा. पीटर आणि जॅकपुढे तो फिका, आज्ञाधारक वाटतो. या पुस्तकामुळे ॲन राणीची मर्जी गेली आणि स्विफ्टला इंग्लंडात बिशपपद मिळालं नाही, असं मानलं जातं. मला राणीची बाजू समजते. मृत्युपत्राची एवढी चेष्टा पाहिल्यावर मृत्युपत्रावर विश्वास ठेवा हा सल्ला कोण ऐकणार?

पायरी ६: फिल्डिंगचे पाद्री

इथून रस्ता उताराचा. हेन्री फिल्डिंगची ‘जोसेफ अँड्र्यूज’, १७४२. तीन ठिकाणं सांगतो, तेवढ्यावरून पुस्तक आवडतंय का ते कळेल.

पहिल्या भागाचं बारावं प्रकरण. चोरांनी लुटलेला, नागडा, रक्तबंबाळ जोसेफ खड्ड्यात पडलाय. घोडागाडी येते. बाईसाहेबांना नागड्या माणसाची लाज वाटते. वकील म्हणतो घेऊया, नाहीतर तो मेल्यावर खटला आपल्यावर यायचा. अंगावर घालायला कोट कोणीच देत नाही. शेवटी घोड्यावर बसणारा पोऱ्या एक शिवी हासडून आपला कोट काढून देतो. आणि शिवी दिली म्हणून प्रवासी त्यालाच दटावतात. फिल्डिंग कंसात, जाता जाता सांगतो की या पोराला नंतर कोंबड्या चोरल्याबद्दल काळ्या पाण्यासारखी हद्दपारीची शिक्षा झाली. लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी वाचून आला असाल तर आणखी काही सांगायला नको.

दुसऱ्या भागाचं चौदावं प्रकरण. पार्सन ॲडम्स, वर्षाला तेवीस पौंडांवर बायको आणि सहा मुलं पोसणारा क्युरेट, खाणावळीचं बिल भरायला चौदा शिलिंग उसने मागायला पार्सन ट्रलिबरकडे जातो. ट्रलिबर रविवारी पाद्री, उरलेले सहा दिवस डुकरांचा धंदा. त्याला वाटतं गिऱ्हाईक आलं, म्हणून तो ॲडम्सला थेट डुकरांच्या खुराड्यात ढकलतो. पैसे मागितल्यावर शास्त्रवचनांची चकमक होते, पैसे मात्र निघत नाहीत. ते शेवटी एका गरीब फेरीवाल्याच्या खिशातून येतात.

चौथ्या भागाचं आठवं. ॲडम्स जोसेफला उपदेश करतोय: कोणावर इतकं प्रेम करू नये की देवाने नेलं तर शांतपणे सोसता येणार नाही. तेवढ्यात निरोप येतो, तुमचा धाकटा बुडाला. ॲडम्स छाती पिटून रडायला लागतो. (मुलगा जिवंत निघतो, काळजी नको.) इथे विडंबन आहे, पण बोचत नाही. फिल्डिंगला उपदेश विसरणारा बाप उपदेश पाळणाऱ्यापेक्षा जास्त ख्रिस्ती वाटतो.

‘टॉम जोन्स’, १७४९, पूर्ण वाचायला महिना लागेल. तोपर्यंत तिसऱ्या भागातल्या मास्तर थ्वॅकमचं एक वाक्य पाठ करा: मी धर्म म्हणतो तेव्हा ख्रिस्ती धर्म म्हणतो, नुसता ख्रिस्ती नाही, तर प्रॉटेस्टंट धर्म, आणि नुसता प्रॉटेस्टंट नाही, तर चर्च ऑफ इंग्लंड. धर्माचं वर्तुळ एकाच वाक्यात तीनदा आवळत आणलंय. जगातल्या कुठल्याही धर्माची नावं घालून बघा, वाक्य चालतं.

पायरी ७: स्टर्नचा शाप

‘ट्रिस्ट्रम शँडी’ १७५९ पासून आठ वर्षं तुकड्या-तुकड्याने निघत होतं आणि त्याला सरळ असं काही नाही, तेव्हा तुम्हीही सरळ वाचू नका. तिसऱ्या खंडातलं दहा ते बारा घ्या. कॅथलिक डॉक्टर स्लॉपच्या पिशवीला नोकराने गाठी मारून ठेवल्यात, त्या सोडवताना त्याचा अंगठा कापतो आणि तो नोकराला शिव्या देतो. घरधनी वॉल्टर शँडी शांतपणे त्याच्या हातात बिशप एर्नुल्फसने लिहिलेला धर्मबहिष्काराचा शाप ठेवतो आणि म्हणतो, शिव्या द्यायच्याच तर शास्त्रशुद्ध द्या, मोठ्याने वाचा. शाप खरा आहे, रॉचेस्टर कॅथेड्रलच्या जुन्या दप्तरातला. केसापासून पायाच्या नखापर्यंत, खाताना, झोपताना, बसताना शापित असो. स्टर्नने काही वाढवलेलं नाही, फक्त गाठींच्या भांडणात तो वाचायला लावलाय.

ऐकणाऱ्या टोबीकाकांना राहवत नाही. मी तर सैतानालाही इतक्या कडवटपणे शाप देऊ शकणार नाही, ते म्हणतात. स्लॉप सांगतो, तो तर आधीच कायमचा शापित आहे. टोबीकाका म्हणतात, मला त्याचं वाईट वाटतं.

पायरी ८: शतक संपताना

उरलेल्यांपैकी मेथडिस्टांवरची चेष्टा मला व्यक्तिशः कंटाळवाणी वाटते. सॅम्युएल फूटने ‘द मायनर’ या १७६० च्या नाटकात उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्डच्या तिरळ्या डोळ्यावर विनोद केले. त्यापलीकडे फार जात नाही. त्याऐवजी विल्यम होगार्थचं १७६२ चं चित्र बघा, ‘क्रेड्युलिटी, सुपरस्टिशन अँड फनॅटिसिझम’. व्यासपीठावर ओरडणाऱ्या उपदेशकाचा टोप उडालाय आणि खाली जेझुइटाचं, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघातल्या माणसाचं, भादरलेलं टाळकं दिसतंय. जॅकच्या खालून पुन्हा पीटर! कोपऱ्यात श्रद्धेची गरमी मोजायचं तापमापक आहे. स्मॉलेटच्या ‘हम्फ्री क्लिंकर’ या कादंबरीत, १७७१, मेथडिस्ट नोकर आहे, पण लेखकाचा त्याच्यावर जीव आहे.

एडवर्ड गिबनच्या रोमच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ चा. दुसऱ्या प्रकरणातलं एकच वाक्य पुरे: रोमन जगातले सगळे उपासनामार्ग जनतेला सारखेच खरे वाटत, तत्त्वज्ञाला सारखेच खोटे, आणि न्यायाधिकाऱ्याला सारखेच उपयोगी. पंधरावं-सोळावं प्रकरण ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचं. तिथे एकही विनोद नाही, फक्त सभ्य वाक्यं आहेत, आणि त्यांनी केवढा गदारोळ उठला!

शेवटी रॉबर्ट बर्न्सची ‘होली विलीज प्रेअर’, १७८५ ची. भाषा स्कॉट्स आहे, तेव्हा शब्दार्थ शेजारी ठेवा आणि मोठ्याने वाचा. मनात वाचलीत तर ताल हरवतो. मॉखलिन गावच्या चर्चमधला एल्डर, म्हणजे चर्चचा पंच, विल्यम फिशर याने गॅव्हिन हॅमिल्टन या बर्न्सच्या मित्रावर रविवार न पाळल्याबद्दल वगैरे कारवाई मांडली होती. वरच्या धर्मसभेत ती टिकली नाही. बर्न्सने काय केलं, तर त्याला शिव्या न देता त्याची प्रार्थना लिहिली. तिसऱ्या पायरीवरचा मुखवटा, पण आता तो इतका घट्ट बसलाय की कवी कुठे दिसतच नाही, आणि तरी एकाही वाचकाची डीफोच्या वाचकांसारखी फसगत होत नाही. विली देवाचे आभार मानतो: एकाला स्वर्गात आणि दहांना नरकात तू तुझ्या मर्जीने पाठवतोस, त्यांच्या बऱ्यावाईट कर्मांसाठी नव्हे, आणि मला तू आधीच निवडलंस. मग काल रात्री मेगबरोबर जरा घसरलो, हे कबूल करतो. लीझीच्या पोरीबरोबरही, तीन वेळा; पण देवा, त्या शुक्रवारी मी प्यायलेला होतो. आणि लगेच हॅमिल्टनकडे वळतो: देवा, त्याच्या टोपलीला शाप दे, त्याच्या कोठाराला, त्याच्या कोबीला आणि बटाट्यांना. मला मात्र कृपा आणि मालमत्ता दोन्ही दे, दुसऱ्या कोणाहूनही जास्त, म्हणजे सगळा गौरव तुझाच. आमेन, आमेन.